दत्तक दिलेली बहीण ४१ वर्षांनी भेटली, त्याची सगळी प्रोसेस (लांब आहे)

आधी मुद्द्याचं सांगते. आपल्याकडे दत्तक गेलेल्या मुलाला मोठं झाल्यावर स्वतःचं मूळ शोधता येतं, पण ज्या घरातून ते गेलं त्या घराला त्याला शोधता येत नाही. आईबाप, भाऊबहीण, आजी, कुणालाच नाही. दिल्लीला आर. के. पुरममध्ये 'कारा' म्हणून केंद्र सरकारचं दत्तकाचं प्राधिकरण आहे, त्यांच्या नियमात याला रूट सर्च म्हणतात आणि तो तिसऱ्या माणसाने केलेला चालत नाही. आपण रक्ताचे असलो तरी त्या कागदावर तिसरेच. हे मला पहिल्याच आठवड्यात कुणी धड सांगितलं असतं तर पुढची बरीच पायपीट वाचली असती. आपल्या हातात राहतं ते एवढंच की उद्या त्या मुलाने शोधायचं ठरवलंच तर आपण सापडलो पाहिजे.

आम्ही मूळचे पाटण तालुक्यातले. अण्णा म्हणजे माझे वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप लागला तो तुम्हाला माहीत असेलच, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप तसा अजून कुणी मागे घेतलेला नाही. ८३ च्या जुलैत आईला मुलगी झाली आणि बाळाचं बारसं व्हायच्या आत आई तापाने गेली. मी तेव्हा सात वर्षांची, भाऊ चारचा. आम्हा दोघांना आजी गावी घेऊन गेली. तान्हं बाळ सांभाळायला चाळीतल्या खोलीत बाई नाही, दुधाच्या डब्याला पैसे नाहीत, आजीचं वय झालेलं. अण्णा आणि मामा तिला मुंबईतल्या एका संस्थेत देऊन आले आणि गावाला सांगितलं की बाळही गेलं. मला मामीच्या बोलण्यातून खरं काय ते कळलं होतं पण आमच्या घरी हा विषय कुणी काढायचा नाही असं न सांगताच ठरलेलं. नंतर अण्णा वागळे इस्टेटला वॉचमन लागले, आम्ही कळव्याला आलो, माझं लग्नही कळव्यातच झालं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यात ड्रॉप घालताना पडल्या पडल्या म्हणाले, "ती असंल का गं कुठं?" कोण ते मी विचारलं नाही. वय ७६, चाळीस वर्षांत पहिल्यांदा बोलले.

सुरुवात कागदांपासून केली. अण्णांनी म्हाडाच्या गिरणी कामगार घरांसाठी फॉर्म भरलेला, त्याची एक प्लॅस्टिकची फाइल होती, त्यात गिरणीचा पास, जुनं रेशनकार्ड आणि आईचा मृत्यूचा दाखला निघाला. घर काही अजून लागलेलं नाही पण फाइल कामाला आली. बहिणीच्या जन्माचा दाखला परळच्या एफ दक्षिण वॉर्डातून काढला. तिथे खिडकीवर मुलीचं नाव विचारतात आणि आपल्याकडे नाव नसतं, तेव्हा गडबडून जाऊ नका. आईचं नाव, बापाचं नाव, हॉस्पिटल आणि तारीख दिली की नोंद सापडते. नाव न घातलेली बाळं रजिस्टरमध्ये भरपूर असतात. दाखल्यावर नावाच्या रकान्यात नुसती रेघ होती, लिंग स्त्री, खाली आईचं नाव. फी किरकोळ लागते, चकरा मात्र माराव्या लागतात, आणि तीन-चार कॉप्या एकदमच काढून ठेवा.

मग संस्था. नाव लिहीत नाही, कारण सांगायची गरज नाही. ती अजून चालू आहे हेच आमचं नशीब. तिथल्या समाजसेविका बाईंनी सगळं ऐकून घेतलं, अण्णांना पाणी दिलं, चहा मागवला आणि मग शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही सांगताय ती मुलगी आमच्याकडे होती की नव्हती, हेसुद्धा मला तुम्हाला सांगता येणार नाही." मी तिथे आवाज चढवला. आमच्या माणसाने स्वतःच्या हाताने आणून दिलेली मुलगी, आणि होती की नव्हती ते सांगता येणार नाही म्हणजे काय. अण्णा मात्र गप्प होते. बाहेर फुटपाथवर आल्यावर म्हणाले, बरोबर आहे त्यांचं, आपण दिली ना. आज विचार केला की मला नियम पटतो. तिकडे कुणाला दत्तक आहोत हे माहीतही नसतं, आणि दारात अचानक अख्खं खानदान उभं राहिलं तर काय होईल. तेव्हा मात्र डोकं फिरलेलं.

त्या तिरमिरीत मी माहिती अधिकार टाकला. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. उत्तर वेळेवर आलं, वैयक्तिक माहिती म्हणून कलम ८ खाली नकार. फेसबुकवर एक माणूस भेटला तो तर म्हणाला हॉस्पिटलची आणि संस्थेची जुनी फाइल काढून देतो, २५ हजार, अर्धे आधी. माझा भाऊ द्यायला निघाला होता, मी हात धरला. असे लोक दुःख हुंगत येतात. एक तर ती फाइल त्यांना मिळत नसते, आणि मिळालीच तर ती चोरीची, तिच्या जोरावर कुणाच्या दारात जाऊन उभं राहणार?

जूनमध्ये ठाण्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात गेले. माझा सल्ला, तुम्ही इथूनच सुरुवात करा. तिथल्या मॅडमनी पहिल्यांदा मला नियम उलगडून सांगितला. मूल १८ च्या वर असेल तर ते स्वतः अर्ज करू शकतं, कमी असेल तर दत्तक आईबाबांबरोबर मिळून. आणि मुख्य म्हणजे सोपवताना जन्मदात्यांनी "आमची ओळख गुप्त ठेवा" असं लिहून दिलेलं असेल तर माहिती द्यायच्या आधी त्यांची संमती घ्यावी लागते. आता ८३ साली मामाने आणि अण्णांनी कशाकशावर सह्या केल्या ते अण्णांना काय आठवणार, कागद इंग्रजीत होता. मॅडम म्हणाल्या, मग तुमच्या बाजूने संमती आत्ताच लिहून ठेवा, पत्र करा आणि संस्थेत द्या. ती कधी आलीच तर फाइलला तुमचं पत्र असेल.

ते पत्र लिहायला आम्हाला अर्धा पावसाळा लागला. पहिल्या मसुद्यात मी तीन पानं रडगाणं लिहिलेलं, नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला हे वाचून ती पळून जाईल. मग छोटं केलं. कोण आहोत, कुठे राहतो, तिला का द्यावं लागलं ते सरळ चार वाक्यांत, आई कशाने गेली, घरात कुठले आजार आहेत (अण्णांना शुगर, मावशीला छातीचा कॅन्सर झालेला), आमची ओळख आणि पत्ता तिला द्यायला हरकत नाही, आणि तिला भेटायचं नसेल तर आमची काही तक्रार नाही. हे शेवटचं वाक्य अण्णांनी घालायला लावलं. आजारांचं जरूर लिहा. त्या माणसाला डॉक्टर आयुष्यभर फॅमिली हिस्टरी विचारत असतात आणि त्याच्याकडे उत्तर नसतं.

सोबत आईचा एकुलता एक फोटो, लालबागच्या स्टुडिओत काढलेला, त्याची चांगली प्रिंट. जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला, अण्णांचं आधार. अण्णांची संमती प्रतिज्ञापत्रावर केली, कोर्टनाक्याला नोटरीकडे. तेव्हा १०० चा स्टॅम्प चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून तो ५०० चा झालाय. स्टॅम्प, टायपिंग, नोटरी धरून सातशेच्या आत काम झालं. मोबाईल नंबर दोन वेगवेगळ्या माणसांचे द्या आणि ते बंद पडू देऊ नका, पत्ता बदलला तर संस्थेला लेखी कळवा. आणि आपल्या कॉपीवर पोचचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. बाईंनी पाकीट घेतलं आणि म्हणाल्या, मी ठेवून घेतेय याचा काही अर्थ काढू नका. ऑगस्ट २०२३.

मग काहीच नाही. वर्ष गेलं, वर आणखी काही महिने गेले. या काळाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, पण अण्णांनी माझा मोबाईल जवळजवळ ताब्यात घेतला. अनोळखी नंबर आला की तेच उचलायचे. क्रेडिट कार्ड विकणाऱ्या एका मुलीला त्यांनी नाव, गाव, जन्मसाल सगळं विचारलं, ती बिचारी मीटिंग आहे म्हणून फोन ठेवून गेली. भाऊ आणि माझ्यात मात्र या काळात बिनसलं. त्याचं म्हणणं, आता या वयात हे कशाला उकरायचं, त्याच्या बायकोलाही आधी काही माहीत नव्हतं. घरातल्या सगळ्यांना पत्र द्यायच्या आधी सांगून टाका, नंतर सांगायला जास्त त्रास होतो.

डिसेंबर २०२४ मध्ये मी पतपेढीत कॅशवर बसलेले असताना संस्थेचा फोन आला. बाईंनी एवढंच विचारलं, "तुमचं पत्र एका व्यक्तीला दाखवायला तुमची अजून संमती आहे ना?" समोर लाइन लागलेली. मी हो म्हटलं आणि त्या दिवशीची कॅश माझ्याऐवजी दुसऱ्यांनी जुळवली. संमती परत एकदा ईमेलवर मागितली, अण्णांची सही करून स्कॅन पाठवली.

तिच्या बाजूने काय झालं ते नंतर कळलं, पण इथेच सांगते. ती इंदूरच्या मराठी घरात वाढली. दत्तक आहे हे तिला लहानपणापासून माहीत होतं, तिच्या आईबाबांनी कधी लपवलं नाही. पण बाबा असेपर्यंत शोधायचं नाही असं तिने मनाशी ठरवलेलं, त्यांना लागेल म्हणून. ते २०२३ मध्ये गेले. नंतर तिने काराकडे अर्ज केला, सोबत दत्तकाचा कोर्टाचा आदेश, आधार वगैरे, तो अर्ज फिरत संस्थेकडे आला आणि संस्थेने ८३ चं रजिस्टर उघडलं तर फाइलला आमचं पाकीट. म्हणजे आम्ही नियमाने हात बांधून बसलेलो तेव्हा ती तिकडून चालत येतच होती, पत्र नसतं तरी तिला कदाचित अण्णांचं नाव मिळालं असतं, पण परळच्या त्या चाळीत आता टॉवर आहे, तिथून कळव्यापर्यंत ती कशी पोचली असती देव जाणे.

आधी तिचं पत्र आलं, संस्थेमार्फत, आडनाव न लिहिता. एक पान. शेवटी लिहिलेलं की मला भेटायचंय पण मला कुणाची काही अपेक्षा पूर्ण करता येईलच असं नाही. मला ते वाचून बरं वाटलं, सरळ होतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये संस्थेतच भेट ठरली. पहिली भेट घरी ठेवू नका, असं बाईंनी दोन्हीकडे सांगितलं होतं, आणि त्या स्वतः खोलीत बसून होत्या. ती, तिचा नवरा आणि तिची आई आली होती. सिनेमासारखं कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. ती कुणासारखी दिसते ते मी सारखं शोधत होते आणि मला कुणासारखीच दिसेना. तिने वहीत प्रश्न लिहून आणलेले. पहिला प्रश्न, "मला कुणी कुठे टाकून दिलं नव्हतं ना?" अण्णा म्हणाले, "नाही बाळ. मी आणि तुझा मामा बसने घेऊन आलो, सही करून दिली." तिने रजिस्टरच्या पानाचा फोटो दाखवला, वजन दोन किलो शंभर ग्रॅम, अंगात पिवळं झबलं, आणि खाली अण्णांची सही. अण्णांनी चष्मा वर करून फोन डोळ्याजवळ नेला आणि म्हणाले, झबलं तुझ्या आईनं शिवलं होतं, अगोदरच. तिथे मात्र ती रडली आणि मग मी.

तिची आई या सगळ्या वेळात शांत होती. ७४ वर्षांच्या, हातात मण्यांची पर्स. मला त्यांचीच जास्त धास्ती होती, आपण त्यांचं काही हिसकावतोय असं त्यांना वाटलं तर. निघायच्या आधी त्या अण्णांना म्हणाल्या, "दादा, एक विचारू? हिची जन्मवेळ ठाऊक आहे का? हिच्या लग्नात पत्रिका द्यायची वेळ आली तेव्हा आम्ही अंदाजाने केली होती." अण्णा क्षणभर थांबले नाहीत. पहाटे सव्वाचार, मंगळवार उजाडायचा होता, पाऊस धो धो, मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसलो होतो. त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि रेल्वेच्या तिकिटाच्या प्रिंटमागे लिहून घेतलं. आता पत्रिकेचा काय उपयोग, लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण लिहून घेतलं.

यानंतर डीएनए. हे तिने आणि माझ्या भावाने दोघांनी मागितलं आणि मला आधी वाईट वाटलं, पण आता वाटतं की टेस्ट करावीच. रजिस्टरमध्ये चूक असू शकते, चाळीस वर्षांपूर्वीचं हाताने लिहिलेलं. वडील किंवा आई हयात असेल तर त्यांचंच सॅम्पल द्या, बाप-लेकीच्या टेस्टचा निकाल स्पष्ट येतो. नुसत्या भावंडांच्या टेस्टमध्ये बरेचदा "शक्यता आहे" असंच लिहून येतं. आम्हाला १४ हजार पडले, तिने अर्धे दिले. हा रिपोर्ट कोर्टात चालत नाही, कोर्टासाठी वेगळी पद्धत असते, आम्हाला गरज नव्हती. रक्त नाही, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात. त्याआधी तासभर काही खायचं नाही. अण्णांची तंबाखू! सकाळपासून मी मागे लागलेले, तीन वेळा चूळ भरायला लावली, आणि तिथे लॅबच्या मुलाने विचारलं तर खिशातून पुडी काढून दाखवतात, म्हणतात बघ बंद आहे. निकाल तीन आठवड्यांनी आला, ९९.९९ टक्के. अण्णांनी आकडा ऐकून घेतला आणि विचारलं, उरलेलं कुठं गेलं.

निकाल आला तशी भावकी जागी झाली. चुलतभावाचा फोन, म्हणे आता गावच्या जमिनीत हिस्सा मागेल, म्हाडाचं घर लागलं तर त्यात नाव घालायला सांगेल. कोर्टनाक्याच्या एका वकिलांना हजार रुपये देऊन विचारून घेतलं, कारण नुसतं "ती तशी नाही" म्हणून भावकीचं तोंड बंद होत नाही. हिंदू दत्तक कायदा १९५६ च्या कलम १२ प्रमाणे दत्तक झालं त्या तारखेपासून मूल सर्वार्थाने दत्तक घरचं होतं, जन्मघराशी कायदेशीर नातं तुटतं. अपवाद दोनच, एक म्हणजे दत्तकाच्या आधीच त्याच्या नावावर काही आलेलं असेल तर ते त्याचंच राहतं, आणि जन्मघरात ज्यांच्याशी लग्न चालत नव्हतं त्यांच्याशी दत्तकानंतरही चालत नाही. अण्णांना स्वखुशीने मृत्यूपत्रात काही द्यायचं असेल तर तो वेगळा विषय. चुलतभावाला हे सांगितलं तर म्हणाला, तसं मी सहजच विचारलं. तिला हे सगळं कळल्यावर ती हसली आणि म्हणाली इंदूरला आमचीच भांडणं पुरेशी आहेत.

मे महिन्यात मुलांच्या सुट्टीत ती घरी आली. अवंतिका एक्स्प्रेस पश्चिम रेल्वेची, ठाण्याला येतच नाही, पहाटे बोरिवलीला उतरून घोडबंदर रोडने यायचं. पहाटे रस्ता मोकळा असेल असं समजू नका, ट्रक असतात. शेजारी कोण म्हणून विचारत होते, आम्ही आधी तिला फोनवर विचारून ठेवलं होतं की काय सांगायचं, ती म्हणाली खरं सांगा. हेही आधी विचारावं, लपवायचं की सांगायचं ते आपण ठरवायचं नसतं. तिची मुलं अण्णांना "कळव्याचे आजोबा" म्हणतात. ती मला ताई म्हणायला लागलीय, पण अजून अहो-जाहो. भाऊ जेवायला आला, नीट बोलला, पण घरी बोलताना अजून "त्या आल्या होत्या" असंच म्हणतो. त्याला वेळ लागेल आणि मी मध्ये पडत नाही.

अण्णांना रोज फोन करायचा असतो. तिने एकदा स्पष्ट सांगितलं की रविवारीच बोलू, रोज मला झेपत नाही. दोन दिवस अण्णा रुसून होते. समाजसेविका बाईंनी आम्हाला आधीच बजावलं होतं की भेट झाल्यावर पहिले सहा महिने एका बाजूला भूक जास्त असते, तिथे सांभाळा. संस्थेत समुपदेशनाला बोलावतात ते टाळू नका, आम्ही अण्णांना पुन्हा नेलं, उपयोग झाला.

आता दिवाळीनंतर ती पाटणला येते म्हणतेय, आईचं घर बघायला. गावात अजून सगळ्यांच्या लेखी ते बाळ ८३ लाच गेलंय, तेव्हा कोण कुणाला आणि कसं सांगणार यावर आमच्याकडे सध्या रोज चर्चा चालू आहे. अण्णा म्हणतात मीच खोटं सांगितलं, मीच पारावर बसून खरं सांगतो. मी म्हटलं आपण गाडी करून जाऊ, पण ७५ च्या वरच्यांना एसटी फुकट असल्यामुळे अण्णा गाडीला अजिबात तयार नाहीत.